गिऱ्हाइकाला दुसरा फोन का करावा लागतो?

पत्र

नंदनवन भागात माझं कूलरचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. पत्र्याचे कूलर आम्ही स्वतः बनवतो, प्लास्टिकचे कंपनीचे विकतो आणि दोन्हींची दुरुस्ती करतो. मार्च ते जून चार मिस्त्री असतात, एरवी एक. काम चोख आहे, मालात कधी खोट केली नाही. तरी दोन उन्हाळ्यांपासून जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊन राहिली. लोक इंटरनेटवर लिहितात, "फोनच लागत नाही", "येतो येतो म्हणून दोन दिवस आले नाहीत". मुलगा म्हणतो, ॲप बनवू, दुकानात नवीन फर्निचर आणि एसी लावू, ग्राहकाचा अनुभव सुधारेल. खर्च तीन लाखांच्या घरात जातो. अनुभव सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं असतं? दुकानात एसी लावू का?
— एक दुकानदार, नागपूर

उत्तर

नमस्कार भाऊ,

तीन लाख आत्ता बँकेतच राहू द्या. तुम्ही दिलेल्या दोन्ही तक्रारी पुन्हा वाचा. कूलर खराब दिला किंवा काम कच्चं केलं, असं त्यात कोणीच म्हणत नाही. एकाचा फोन लागला नाही, दुसऱ्याला दोन दिवस वाट बघावी लागली. तुमच्या हातातल्या कामाला लोक नावं ठेवत नाहीत. ते कामाची वाट बघून कंटाळले आहेत, आणि वाट बघण्याची ही बाजू तुमच्या दुकानात आजवर कोणी आखलेली नाही. नवीन फर्निचरने तिच्यात काडीचा फरक पडणार नाही.

आमच्या सल्ल्याचा पाया एकच आहे. एका कामासाठी गिऱ्हाइकाने तुम्हाला एकदाच फोन करायचा. त्याच कामासाठी त्याचा दुसरा फोन आला, तर तुमचं काहीतरी सांगायचं राहिलं किंवा करायचं राहिलं, असं धरून चाला. दुसऱ्या फोनचं कारण शोधायचं आणि ते मुळातून काढायचं. ग्राहकाचा अनुभव घडवणं म्हणतात ते बहुतांशी हेच काम आहे.

त्यासाठी आधी मोजा. एक लांब वही घ्या, पानावर पाच रकाने आखा : नवीन काम, "कधी येता?", "किती पैसे लागतील?", "परवा केलेलं पुन्हा बिघडलं" आणि "बिल, गॅरंटी, इतर". सलग सात दिवस येणाऱ्या प्रत्येक फोनची एक रेघ त्या त्या रकान्यात मारा. संध्याकाळी मिस्ड कॉलची यादी उघडून त्यांनाही फोन करा आणि त्यांचीही रेघ मारा, नाहीतर हिशोब खोटा निघेल. पहिला रकाना तुमचा धंदा आहे. बाकीचे चार रकाने तुम्ही स्वतःच तयार केलेलं काम आहे. भर उन्हाळ्यात मोजलंत तर दुसरा रकाना सगळ्यात लांब निघण्याची शक्यता दांडगी. आणि ते फोन लाइन अडवून बसतात म्हणूनच नवीन माणसाचा फोन लागत नाही. दोन तक्रारी दिसतात, मूळ एकच आहे.

आता एका फोनचा माग काढू. मानेवाड्यातून सकाळी नऊला एका काकूंचा फोन येतो : "भाऊ, कूलर चालू होऊन नाही राहिला." तुमच्याकडून उत्तर जातं, "पाठवतो मिस्त्री." इथेच पहिली चूक होते. मिस्त्री जातो, मागची ताटी (जिच्यावरून पाणी झिरपतं ती वुडवूलची, म्हणजे लाकडाच्या बारीक काड्यांची, जाळी) काढतो, मोटर बघतो आणि म्हणतो, "कंडेन्सर गेला, घेऊन येतो." (कंडेन्सर म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग.) मिस्त्री परत येतो तेव्हा दुपार झालेली असते, किंवा तो त्या दिवशी येतच नाही. काकूंच्या लेखी तुमचा मिस्त्री आला, कूलर उघडून ठेवून गेला आणि घर तापत राहिलं. कंडेन्सरची किंमत मामुली, पण दुसऱ्या खेपेत पेट्रोल गेलं, एक तास गेला, आणि काकूंचा विश्वासही गेला.

हे टाळण्यासाठी फोनवरच पाच प्रश्न विचारा आणि ते कागदावर छापून फोनजवळ चिकटवा. कूलर पत्र्याचा की प्लास्टिकचा, कितव्या मजल्यावर? बटन दाबल्यावर मोटर हूं करते की अगदी गप्प आहे? पाणी वर चढतं का? बाहेर किंवा खोलीत गळतं का? हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? या उत्तरांवरून मिस्त्रीची पिशवी ठरते. मोटर हूं करते पण पंखा फिरत नाही, तर बहुतेक वेळा कंडेन्सर कमजोर झालेला असतो किंवा बुश, म्हणजे मोटरचा दांडा जिच्यात फिरतो ती कडी, जाम असतं. अगदीच गप्प असेल तर आधी प्लग, स्विच आणि वायर बघायची, मग वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारांचं वेटोळं. पंप आवाज करतो पण पाणी चढत नाही, तर पंपाच्या जाळीत वुडवूलचे तुकडे नाहीतर क्षार अडकलेले असतात. पाणी बाहेर टपकतं तेव्हा ताटी फुगून चौकटीबाहेर आलेली असते, किंवा वरच्या पन्हाळीची काही भोकं बुजून बाकीच्यांतून जास्त धार पडत असते. मोटर अडकली असेल तर पंखा हाताने किंवा काठीने ढकलून बघू नका, बटन बंद ठेवा, हे तिथल्या तिथे सांगा. लोक तसं करतात आणि बोटं चेचून घेतात.

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. झिणझिण्या येतात असं उत्तर आलं, की बाकीची यादी बाजूला ठेवायची. "प्लग काढा, मुलांना जवळ जाऊ देऊ नका, ओल्या फरशीवर उभं राहून हात लावू नका," असं सांगायचं आणि तो फोन त्या दिवसाच्या यादीत पहिला घ्यायचा. पत्र्याचा कूलर, आत पाणी, बाहेर अनवाणी माणूस आणि घराला अर्थिंग नाही, अशा जुळणीत दरवर्षी माणसं दगावतात. तुमच्या मिस्त्रीने प्रत्येक घरी, काम कोणतंही असो, टेस्टर लावून बॉडीत करंट उतरतो का आणि तीन पिनी प्लगमधली अर्थिंगची तार जोडलेली आहे का, एवढं बघितल्याशिवाय निघू नये. घरात 30 मिलिअँपिअरचा गळतीचा करंट पकडणारा ब्रेकर नसेल तर तो बसवून घ्या म्हणून सांगावं, मग तो दुसऱ्या कोणाकडून बसवला तरी हरकत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी धोका मागे सोडून आलात, तर बाकीच्या सगळ्या सेवेला अर्थ उरत नाही.

प्रत्येक मिस्त्रीच्या पिशवीत रोज सकाळी ठरलेलं सामान मोजून भरा : 2.5 आणि 4 एमएफडीचे (मायक्रोफॅरड, कंडेन्सरची क्षमता मोजायचं माप) कंडेन्सर प्रत्येकी चार, लहान आणि मोठा पंप दोन-दोन, फ्लोट वॉल्व्ह, पाण्याच्या पाइपचा तुकडा आणि क्लिपा, बुश, तीन पिनी प्लग, टेप, टेस्टर, मल्टिमीटर. शिवाय एक जुनी चादर आणि एक लहान झाडू, त्यांचं काम पुढे येईल. ही पिशवी भरायला जे पैसे गुंततील ते तीन लाखांच्या शेजारी किरकोळ आहेत, आणि दुसरी खेप त्यामुळेच कमी होईल.

आता वेळेचं. नागपुरात "निघूनच राहिलो भाऊ" या तीन शब्दांनी जेवढी गिऱ्हाइकं तोडली असतील तेवढी महाग दराने तोडली नसतील. बोलणाऱ्याला वाटतं, समोरच्याला धीर दिला. समोरचा मात्र ऑफिसला दांडी मारून, किंवा म्हाताऱ्या वडिलांना ओला टॉवेल गुंडाळून दाराकडे बघत बसलेला असतो. वेळ कळली असती तर तो तेवढ्यात भाजी आणून आला असता. किती वाट बघायची हे ठाऊक असलं की तीन तास निघतात, ठाऊक नसलं की एकही तास निघत नाही.

पण खरी वेळ सांगायची तर आधी ती स्वतःला माहीत हवी, म्हणून गणित मांडा. घरचं काम सरासरी 40 मिनिटं आणि एका घरून दुसऱ्या घरी जायला 25 मिनिटं धरली, तर एका कामाला तासाच्या वर जातो. सकाळी 8 ते संध्याकाळी 7 मधून दुपारचे 1 ते 4 काढा, कारण मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना गच्चीवर तापलेल्या पत्र्याला हात लावून काम करायला लावणं अमानुष आहे. हातात राहिले आठ तास, म्हणजे एका मिस्त्रीची सात कामं. चौघांची 28. यातली 22 च नोंदवायची. सहा जागा रिकाम्या ठेवायला जिवावर येईल, आणि इथेच बहुतेक दुकानं चुकतात. कंडेन्सर वाटलेलं काम वाइंडिंगचं निघतं, 40 मिनिटांचे 90 होतात आणि मागची सगळी रांग सरकते. 28 पूर्ण भरलेली असतील तर संध्याकाळची चार कामं उद्यावर जातात, उद्याचा दिवस चार कामांच्या उधारीने उजाडतो आणि शनिवारपर्यंत यादी दोन दिवस मागे पडते. "दोन दिवस आले नाहीत" ही तक्रार इथे जन्मते. रिकाम्या सहा जागा ही उधारी फेडतात, झिणझिण्यांचे तातडीचे फोन सामावून घेतात आणि परत बिघडलेलं काम त्याच दिवशी करू देतात.

फिरण्यातलाही वेळ वाचवता येतो. एका मिस्त्रीला मानेवाडा-बेसा, दुसऱ्याला नंदनवन-वाठोडा, तिसऱ्याला प्रताप नगर-त्रिमूर्ती नगर, चौथ्याला इंदोरा-जरीपटका असं वाटून द्या. 25 मिनिटांची 15 झाली तर चार मिस्त्र्यांचे मिळून दिवसाला साडेचार तास वाचतात. भाग ठरलेला असला की गल्ल्या पाठ होतात, पत्ता विचारणारे फोन थांबतात, आणि लोक मिस्त्रीला नावाने ओळखायला लागतात. त्या ओळखीची किंमत कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही.

वेळ द्यायची ती तीन टप्प्यांत : 8 ते 10, 10 ते 1, 4 ते 7. "दहा वाजता येतो" म्हणू नका, तो शब्द तुमच्याने पाळला जाणार नाही. निघण्याआधी मिस्त्रीने फोन करायचा, "काकू, अर्ध्या तासात पोचतो." उशीर होणार असेल तर टप्पा संपायच्या आत सांगायचं, कारणासकट : "आधीच्या घरी मोटर जळालेली निघाली, मी साडेपाचपर्यंत येतो, चालेल की उद्या सकाळी पहिला नंबर लावू?" हेच वाक्य एक वाजून दहा मिनिटांनी, गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर बोललात, तर ते बहाणा वाटतं. आणि नवतपा लागला, म्हणजे 25 मेच्या सुमाराचे ते नऊ दिवस आले, की जागा संपल्यावर "आज होत नाही, उद्या 8 ते 10 नक्की" असं स्वच्छ सांगा. काही लोक दुसरीकडे जातील. जाऊ द्या. खोटा होकार ऐकून गेलेला माणूस कायमचा जातो.

पैशाचं थोडक्यात, कारण ते अवघड नाही, फक्त शिस्तीचं आहे. भेटीचे किती आणि काम केल्यास ते बिलात वळते होणार का, हे फोनवरच सांगा. नेहमीच्या पंधरा-वीस कामांचे आणि सुट्या भागांचे दर एका कागदावर छापून, लॅमिनेट करून मिस्त्रीजवळ द्या. कूलर उघडल्यावर आकडा सांगायचा, होकार घ्यायचा, मगच पाना लावायचा. मधेच काम वाढलं तर हात थांबवून पुन्हा विचारायचं. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. जुना पंप समोर दिसला की "खरंच बदलला का?" ही शंका मनात राहत नाही. आणि बिल प्रत्येक वेळी, न मागता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे.

त्याच कायद्यामुळे, तुमच्या भिंतीवर किंवा बिलावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असेल तर आज काढा. दोष असलेला माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच ठरते. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण कायदा जरी बाजूला ठेवला, तरी ती पाटी दुकानात शिरणाऱ्याला पहिल्याच पावलाला सांगते की इथे माझ्यावर विश्वास नाही. तिच्या जागी दुसरी लावा : "पंप आणि कंडेन्सर : तीन महिने. वाइंडिंग : सहा महिने. बिल हरवलं तरी मोबाइल नंबरवर नोंद सापडेल." मुदती तुमच्या हिशोबाने ठरवा, पण लिहून ठेवा.

मिस्त्री घरात शिरल्यापासून निघेपर्यंत काय करतो, यावर जरा जास्त बोलायला हवं, कारण गिऱ्हाइकाच्या आठवणीत तेवढंच राहतं. चप्पल बाहेर. कूलर खोलीच्या बाजूने काढावा लागला तर खाली जुनी चादर. टाकीतलं पाणी कुठे ओतू, असं विचारायचं. बऱ्याच घरी ते झाडांना हवं असतं, आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर गेलं तर भांडण तुमच्या गिऱ्हाइकाच्या नावावर लागतं. ताट्या बदलल्यावर कूलर दहा मिनिटं चालवायचा आणि घरच्यांना बोलावून दाखवायचं : "बघा काकू, तिन्ही ताट्यांवर पाणी सारखं उतरतं. कोपरा कोरडा राहिला असता तर तिथून गरम हवा आली असती." हे एक वाक्य उद्याचा एक फोन वाचवतं, आणि काकूंना पुढच्या वेळी काय बघायचं तेही कळतं. मग फरशीवर पडलेला वुडवूलचा चुरा आणि गंजाचे कण झाडून घ्यायचे, ताट्यांच्या बांधण्या आणि खोके सोबत न्यायचे.

निघतानाच्या या पाच मिनिटांना एवढं महत्त्व का, त्याला आधार आहे. पुढे 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक हात 14 अंशांच्या गारठवणाऱ्या पाण्यात 60 सेकंद ठेवायला लावला. दुसरा हात तसाच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, फक्त त्या 30 सेकंदांत पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेलं. नंतर विचारलं, यातलं पुन्हा काय करायला आवडेल? 32 पैकी 22 जणांनी जास्त वेळ चाललेला प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. माणूस मिनिटांची बेरीज करून अनुभव आठवत नाही, त्यातला तीव्र क्षण आणि शेवट त्याच्या मनात राहतो. दिवसभर उकाड्यात काढलेल्या घरातून तुमचा मिस्त्री चुरा तसाच टाकून, पैसे मोजत, दुसऱ्या फोनवर बोलत निघून गेला, तर चोख दुरुस्तीही वाया जाते.

विक्रीच्या वेळी मात्र उलटं असतं, तिथे सुरुवात सांभाळायची असते. "कूलर थंड हवाच देत नाही" अशी तक्रार येणाऱ्या अनेक घरांत कूलर ठणठणीत असतो, खिडकी बंद असते. कूलर हवेत ओल सोडून ती थंड करतो, म्हणून जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायलाच हवी. नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि अंगाला चिपचिप लागते. विकताना तीन गोष्टी विचारा : खोली केवढी, कूलर कुठे बसणार, समोर हवा निघायला खिडकी आहे का. साधा हिशोब असा की दर दोन मिनिटांना खोलीतली हवा बदलली पाहिजे. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे 1200 घनफूट. तिला मिनिटाला 600 घनफूट हवा टाकणारा कूलर पुरतो, हॉलचा मोठा कूलर तिच्या गळ्यात मारू नका. कूलर मिनिटाला टाकतो त्या दर हजार घनफूट हवेमागे, ती बाहेर जायला, दीड-दोन चौरस फूट तोंड उघडं हवं. आणि पावसाळा लागला, हवाच ओली झाली, की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवायचा, हे विकतानाच बजावून सांगा. नाहीतर जुलैत तोच माणूस म्हणेल, फसवलं. मालातला जो दोष निसर्गातूनच आलेला आहे तो तुम्ही आधी सांगितला तर माहिती ठरते, नंतर सांगितला तर सबब.

तरीही चुका होतील. एखाद्याचं काम तिसऱ्या दिवशी पुन्हा बिघडेल. तेव्हा काय करायचं हे भांडणाच्या वेळी ठरवू नका, आत्ता ठरवा. परत आलेलं काम त्याच दिवशी, रिकाम्या ठेवलेल्या जागेत, भेटीचे पैसे नाहीत, आणि शक्यतो तोच मिस्त्री, म्हणजे त्यालाही कळेल चूक कुठे झाली. प्रत्येक मिस्त्रीला, समजा, 300 रुपयांपर्यंत जागेवर सूट देण्याचा किंवा भाग बदलून देण्याचा अधिकार द्या, तुम्हाला न विचारता. "मालकाला विचारून सांगतो" या वाक्याने राग दुप्पट होतो. इंटरनेटवर जे वाईट लिहून गेले आहेत त्यांना एकेक करून उत्तर द्या : काय चुकलं ते त्यांच्याच शब्दांत, आता काय बदललं ते, आणि फोन करण्यासाठी नंबर. वाद घालू नका. आणि त्या माणसाचा पत्ता किंवा बिलाचा तपशील तिथे लिहू नका. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली माहिती उघड करणं हेही त्याच कायद्यात बसत नाही.

मिस्त्रीला कामागणिक पैसे देत असाल तर ती पद्धत तपासा. कामागणिक पैसे मिळणारा माणूस दहा मिनिटं कूलर चालवून दाखवणार नाही, चुराही झाडणार नाही, कारण तुम्हीच त्याला पळायचे पैसे देता. ठरलेला पगार द्या आणि वर, पंधरा दिवसांत एकही काम परत आलं नाही तर बक्षीस. त्याला टोपी, पाण्याची मोठी बाटली, पेट्रोलचे रोजचे पैसे रोज आणि दुपारची विश्रांती मिळालीच पाहिजे. उन्हात करपलेला, पैशासाठी तिष्ठत ठेवलेला माणूस काकूंशी नीट बोलेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मग पैसे कुठे खर्च करायचे? मार्च ते जून फोनवर बसायला एक माणूस ठेवा, ज्याला शहरातल्या वस्त्या आणि गल्ल्या पाठ आहेत आणि ज्याचा आवाज दुपारी तीनलाही शांत राहतो. दुसरी फोन लाइन घ्या. गिऱ्हाइकाला टप्पा आणि मिस्त्रीचं नाव लिहून पाठवायला साधं व्हॉट्सॲप बिझनेस पुरे. ॲप उतरवून घ्यायला, दर उन्हाळ्यात दोनदा लागणाऱ्या कामासाठी, कोणी बसत नाही. मुलाला हुरूप आहे तर तो इथे वापरा : जुन्या बिलांवरून नाव, भाग, कूलरचा प्रकार आणि शेवटचं काम अशी यादी त्याला करू द्या. त्या यादीवरून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून फोन सुरू करा, "होळीच्या आधी ताट्या आणि सर्व्हिसिंग करून देतो, वेळ तुमच्या सोयीची." तुमचा एरवीचा एकच मिस्त्री रोज सहा घरं करेल, तर वीस दिवसांत 120 घरं होतील. एप्रिल-मेमधले तेवढे घाईचे फोन आधीच मिटले. जूनअखेर त्याच यादीला एक निरोप : टाकी रिकामी करून पुसून कोरडी करा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसा.

पाच तारे मागत फिरू नका, दारात उभं राहून मागितलेले तारे खरे नसतात. वहीतले तीन आकडे दर शनिवारी बघा : "कधी येता?" चे फोन किती, परत आलेली कामं किती, आणि दिलेल्या टप्प्यात पोचलो अशी कामं शंभरात किती. शिवाय काम झाल्यावर तिसऱ्या दिवशी रोज पाच घरी फोन करून एकच विचारा, "कूलर नीट चालतो ना?" बिघाड असेल तर तो त्यांच्याआधी तुम्हाला कळेल.

राहिला एसीचा प्रश्न. लावू नका. कूलर विकणारा स्वतः एसीत बसलेला दिसला तर गिऱ्हाईक काय समजेल? दुकानाच्या खिडकीत तुमचाच पत्र्याचा कूलर बसवा, वाळ्याच्या ताट्या लावा, समोरच्या भिंतीतली खिडकी उघडी ठेवा आणि मधे एक बाक आणि थंड पाण्याचा माठ. आलेला माणूस पाच मिनिटं तिथे बसू दे. मग उठून ती समोरची खिडकी दोन मिनिटं बंद करून दाखवा आणि पुन्हा उघडा. बाकी काही समजावायची गरज पडणार नाही.